सावद्याची केळी, भुसावळची वॅगन आणि आठ मिलिमीटर

लेगो म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचं खेळणं. त्यातला तो छोटा माणूस टोपी-केस काढून मोजला, डोक्यावरचा स्टड (विटांवर असतो तसा गोल उंचवटा) सोडून दिला, तर चार विटा उंच भरतो, म्हणजे ३८.४ मिलिमीटर. आणि लेगोच्या रेल्वे रुळांच्या आतलं अंतरही ३८ मिलिमीटरच्या आसपासच आहे. आता आपली ब्रॉडगेज घ्या, १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट, आणि साडेपाच फूट ही आपल्याकडच्या कितीतरी माणसांची उंची. म्हणजे माणूस आणि रूळ दोन्ही एकाच प्रमाणात आले, १ ला ४४! युरोपात बहुतेक ठिकाणी रूळ १४३५ चे, तिथले लोक लेगोत स्वतःची गाडी बनवतात तेव्हा माणूस एका मापाचा आणि रूळ दुसऱ्या मापाचे असं होतं आणि कुठेतरी तडजोड करावीच लागते, आणि आपण लेगो जिथलं त्या डेन्मार्कच्या बिलुंड गावापासून एवढ्या लांब बसलेलो, आपल्याला हे आयतं मिळालंय. भुसावळ-जळगावकडच्या माणसाला रेल्वे म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे लेगोत आपल्याकडची रेल्वे करायला घेतली आणि हे गणित जुळलं तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते समजून घ्या.

मी मूळ सावद्याचा, नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिक मोल्डिंगमध्ये. ठिबकचे जॉइनर, टी, एल्बो असा माल दिवसभर डोळ्यासमोरून जातो. त्यामुळे लोक लेगोकडे खेळणं म्हणून बघतात आणि मी पहिल्यांदा ती वीट हातात घेतली ती व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावायलाच. दोन बाय चारची साधी वीट, पार्ट नंबर ३००१. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२. पण विटेची बाहेरची लांबी ३२ नाही, ३१.८ आहे, रुंदी १६ नाही, १५.८. हे ०.२ मुद्दाम सोडलंय, म्हणजे शंभर विटा शेजारी शेजारी लावल्या तरी भिंत फुगत नाही, एक वीट दुसरीला दाबत नाही. पकड येते ती खाली-वर, स्टड आतल्या भिंतीत आणि नळीत किंचित दाबून बसतो त्यातून. ती आतली नळी हेच खरं डोकं, २८ जानेवारी १९५८ ला त्याच्या पेटंटचा अर्ज केला होता, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. मी ज्या धंद्यात आहे तिथे दोन वर्षांपूर्वीच्या मोल्डचा माल आजच्या मालाशी जुळवताना घाम निघतो, त्यामुळे माझ्यासारख्याला या गोष्टीपुढे हात जोडावेसे वाटतात, खरंच.

आधी या विटा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या असायच्या, त्या कालांतराने वाकायच्या, म्हणून १९६३ पासून एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक आलं. साच्यात थंड होताना एबीएस आकसतं कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पीपी किंवा एचडीपीईसारखं दुसरं प्लॅस्टिक दीड-दोन टक्के सहज आकसतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून जत्रेतल्या स्टॉलवरच्या स्वस्त विटा बसतात तर इतक्या घट्ट की दात लावून काढाव्या लागतात, नाहीतर इतक्या सैल की उचललं की खाली. मोल्डला दोष देऊ नका, बऱ्याचदा मटेरियलच ते नसतं, किंवा रिग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लॅस्टिक) जास्त मारलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या माणसानं हा छंद करायचा तर सेट गोळा करत बसू नये, आपल्या गावचं काहीतरी डिझाइन करावं आणि त्याला लागतील तेवढेच पार्ट घ्यावेत. सेट वाईट नसतात, २००८ चा ताजमहालचा सेट ५,९२२ तुकड्यांचा होता आणि तो सुंदरच आहे, पण पुस्तकात बघून पान पान लावत जायचं आणि मग काचेच्या कपाटात ठेवायचं यात माझं मन रमत नाही. एकाच रंगाच्या दोन बाय चारच्या फक्त सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, कोपनहेगन विद्यापीठात हे मोजलं गेलंय. एवढी मोकळीक असताना दुसऱ्यानं ठरवलेलं एकच का करायचं?

तर माझं मॉडेल म्हणजे केळीची वॅगन. रावेर, सावदा स्टेशनवरून केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या भागानं पिढ्यान्पिढ्या बघितल्यात. आधी मला पॅसेंजरचा डबा करायचा होता पण हिशोब केला तर तो एकवीस मीटरचा डबा १ ला ४४ नं साठ स्टड लांब होतो, आणि लेगोचं वळण आहे ४० स्टड त्रिज्येचं, म्हणजे साठ स्टडचा डबा वळणावर मधून साडेपाच स्टड आत घुसतो आणि टोकं बाहेर, प्लॅटफॉर्म उडवत जाईल. बंद मालडबा मात्र साडेचौदा मीटर धरला तर ४१ स्टड येतो, एका बोगीच्या (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या) मध्यापासून दुसऱ्या बोगीच्या मध्यापर्यंत २७ स्टड धरले तर वळणावर सव्वादोन स्टडच आत जातो. चालतं. वॅगन ठरली.

मग रुंदी. खरी ३.२ मीटर म्हणजे ७२.७ मिलिमीटर, म्हणजे नऊ स्टड. नऊ हा आकडा फार त्रासाचा, कारण वॅगनचा मध्य स्टडवर येतो आणि बोगीचा मध्य दोन स्टडच्या मधे, मग जंपर प्लेट लावून सगळं अर्धा स्टड सरकवा, खाली एक थर वाढवा, वजन वाढवा. बरेच दिवस तिथेच अडकलो होतो. शेवटी सुचलं ते असं: आतला सांगाडा आठ स्टडचाच ठेवायचा, आणि दोन्ही बाजूंना आडव्या बसणाऱ्या टाइलचं (टाइल म्हणजे वर स्टड नसलेली सपाट प्लेट) एकेक कातडं चढवायचं. टाइल ३.२ मिलिमीटरची, दोन बाजूंच्या मिळून ६.४, आठ स्टडचे ६४, एकूण ७०.४. खऱ्या मापात ३.१ मीटर. दहा सेंटिमीटर कमी पडले, पण सांगाडा सम आकड्याचा राहिला आणि बोगी सरळ खाली बसली. दिसायला अशी वॅगन नऊच्या वॅगनपेक्षा उजवी दिसते कारण बाजूला एकही स्टड दिसत नाही, सपाट पत्रा वाटतो.

हे आडवं बसवणं म्हणजे या छंदातला सगळ्यात गोड भाग आहे, जरा थांबून सांगतो. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर, आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिलिमीटर. म्हणजे एक वीट आणि दोन प्लेट (वीट म्हणजे तीन प्लेट) एवढी उंची चढलात की आडवं लावलेलं कातडं बरोबर जुळतं. मी बाजूला स्टड असलेली एक बाय एकची वीट वापरली, नंबर ८७०८७, तिच्यावर दोन प्लेट, परत तीच वीट, परत दोन प्लेट, असे तीन टप्पे, ४८ मिलिमीटर, म्हणजे आडव्या मापात नेमके सहा स्टड. एक केसही फट राहत नाही. नुसत्या विटांवर विटा चढवत गेलात तर ९.६ आणि ८ यांचा मेळ थेट ४८ लाच बसतो, मधे कुठे टाइल टेकवायला जागाच मिळत नाही. हवेसाठीच्या झडपांना एक बाय दोनची जाळीची टाइल, २४१२.

डिझाइन सगळं कॉम्प्युटरवर केलं. स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आहे, ब्रिकलिंकचं (लेगोचे सुटे पार्ट विकले जातात तो ऑनलाइन बाजार), फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्याच्याही आधी १९९५ साली जेम्स जेसीमन नावाच्या माणसानं एलड्रॉ नावाची पद्धत काढली होती, विटांची मापं कॉम्प्युटरला समजतील अशी, आणि पोरगा दोनच वर्षांत वारला, पण त्याच्या पायावर आजही जगभरचे लोक काम करतात. स्टुडिओत एक पार्ट दुसऱ्यात घुसत असेल तर लगेच कळतं, मॉडेल कुठे कमजोर आहे तेही दाखवतं. पण एक सांगून ठेवतो, कॉम्प्युटरवर सगळे रंग असतात, सगळे पार्ट असतात, हवे तेवढे असतात, आणि बाजारात तसं नसतं. एखादा पार्ट एखाद्या रंगात कंपनीनं एकाच सेटपुरता काढलेला असतो, मग त्या एका तुकड्याची किंमत अख्ख्या वॅगनच्या चाकांएवढी. म्हणून मी तर असं धरून चालतो की पार्ट महाग निघाला म्हणजे डिझाइन बदलायचा इशारा मिळाला. ब्रिकलिंकवर गेल्या सहा महिन्यांत कोणता पार्ट काय भावानं विकला गेला हे दिसतं, ते उघडून बाजूला ठेवायचं आणि मग माउसला हात लावायचा.

आणि आता केळी. लेगोचं केळं आहे, पार्ट ३३०८५, पिवळंधमक, वाकडं, हातात घेतलं की आमच्या सावद्याच्या माणसाला प्रेम वाटणारच. पण ते वॅगनमध्ये चालत नाही, दोन कारणांनी. एक तर केळी कच्ची, हिरवी भरतात, पिकलेली भरली तर दिल्लीला काय पोहोचणार. दुसरं म्हणजे ते केळं जवळपास दोन सेंटिमीटरचं, १ ला ४४ नं ते पाऊण मीटरच्या वर जातं, हातभराहून लांब! लेगोच्या माणसाच्या हातात शोभतं ते, वॅगनमध्ये नाही. मग घड कसा करायचा? एक बाय एकची गोल प्लेट घेतली, हिरवी. तिचा व्यास ८ मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात पस्तीस सेंटिमीटर, एका फणीचा घेर बरोबर तेवढाच. सहा प्लेट एकावर एक ठेवल्या, १९.२ मिलिमीटर, म्हणजे ८४ सेंटिमीटरचा घड. सहा फण्या. गोल प्लेटला खालच्या बाजूला कड असते त्यामुळे दोन प्लेटच्या मधे बारीक खाच दिसते आणि फण्या वेगळ्या वेगळ्या वाटतात, जवळून बघितलं तरी.

आबांना दाखवलं. आबांनी आयुष्यभर केळीच काढली, स्टेशनवर माल भरताना उभे राहिलेले, त्यांनी चष्मा वर करून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "घड बरा दिसून राह्यला, पण दांडा कुठे आहे रे याचा? दांड्याशिवाय घड धरशील कुठून?" एकदम बरोबर. वरची प्लेट बदलली, पोकळ स्टडवाली गोल प्लेट मिळते, ८५८६१, तिच्या स्टडमध्ये ३.१८ मिलिमीटरची काडी बसते, हिरव्या काडीचा तुकडा बसवला, दांडा तयार. मग आबांनीच सांगितलं की पूर्वी घडच्या घड रचायचे, खाली वाळलेला पाला घालायचे, आत्तासारखे क्रेट आणि खोके नव्हते. म्हणून वॅगनच्या तळाला पिवळट रंगाच्या पानांचे पार्ट टाकलेत आणि त्याच्यावर घड आडवे. दरवाजा सरकवला की ते दिसतात. छप्पर उचललं की सगळंच दिसतं.

रंगाचं एक सांगतो कारण यात नवीन लोकांचे पैसे जातात. मालडब्याचा तो विटकरी-तपकिरी रंग, त्याला लेगोचा रेडिश ब्राउन जवळचा. २००४ साली कंपनीनं ब्राउन आणि दोन्ही ग्रे बदलले, त्यामुळे जुन्या लॉटमधला ब्राउन आणि नंतरचा ब्राउन शेजारी ठेवले तर थिगळ लावल्यासारखं दिसतं. शिवाय २००४ नंतरच्या काही वर्षांतले हे तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात, जगभरच्या छंदवाल्यांना हे माहीत आहे, म्हणून जुना माल घेताना बाकी सगळे रंग सेकंडहँड घ्या, हे दोन नवे घ्या. जिथे वाकवणं-ओढणं आहे, क्लिप वगैरे, तिथे तर नक्कीच.

खरेदी. जळगावात किंवा धुळ्यात दुकानात जाऊन सुटा पार्ट मागायची सोय नाही, तेव्हा सगळं ऑनलाइन. स्टुडिओतून पार्टची यादी थेट ब्रिकलिंकच्या वाँटेड लिस्टमध्ये चढवता येते, मग कोणत्या विक्रेत्याकडे यादीतलं किती आहे ते दिसतं. मी आधी भारतातले विक्रेते बघतो, पार्ट थोडा महाग असला तरी. कारण बाहेरून मागवलं की पोस्टाचे पैसे, आणि कस्टम. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ ला ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क सक्तीचा झाला. आता मोल्डिंगवाला म्हणून मी या धोरणाच्या विरोधात नाही, आमच्या एमआयडीसीसारख्या ठिकाणी खेळणी बनावीत असंच मला वाटतं, पण छंदवाल्याला खिशाचा विचार करावा लागतो. म्हणून यादीतले दोन-तीनच दुर्मिळ पार्ट बाहेरचे राहतील असं डिझाइन मी घासत बसतो, आणि ते दोन-तीनही शेवटी काढता आले तर काढतोच.

रूळ, चाकं, चुंबकाचे कपलिंग हे मात्र सुटे घेऊ नका. सुटे फार महाग पडतात. रेल्वेचा एक पूर्ण सेट घ्या, त्यात हे सगळं येतं, शिवाय मोटर आणि ब्लूटूथवर चालणारा हब, आणि वरचा डबा मोडून त्याच्या विटा वापरा. १६ वळणाचे तुकडे मिळून एक गोल होतो, सरळ तुकडा १६ स्टडचा. ही एकच वेळ आहे जिथे मी म्हणेन की सेट घ्या.

दुसऱ्या कंपन्यांच्या विटांबद्दल मला विचाराल तर माझी काही ना नाही. विटेचं पेटंट कधीच संपलं, आणि त्या आकारावर ट्रेडमार्क मागितला होता तो २०१० साली युरोपियन न्यायालयानंही मान्य केला नाही, त्यामुळे साधी वीट कोणीही बनवू शकतो. चोरी होते ती दुसऱ्याचं डिझाइन, दुसऱ्याचं डब्यावरचं चित्र उचललं की. आतल्या सांगाड्याला, जिथे दिसत नाही तिथे, चांगल्या एबीएसच्या दुसऱ्या विटा मी बिनधास्त लावतो. एक पिशवी घेऊन आधी दहा विटा एका ओळीत लावून बघा, खाली सपाट फरशीवर ठेवा, डोलली नाही तर घ्या.

आणि आपल्या उन्हाळ्याचं. विटा धुवायच्या तर ४० डिग्रीच्या आतल्या पाण्यात असं कंपनी सांगते. भुसावळला मे महिन्यात सावलीतच त्याच्या वर पारा असतो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी तर हात लावू देत नाही. जुना लॉट आला की मी पहाटे धुतो, माठातलं पाणी मिसळून, थोडं भांडी धुवायचं लिक्विड, आणि सुती कापडावर पंख्याखाली वाळवतो. उन्हात कधीच नाही. ऊन लागलं की पांढरा आणि ग्रे पिवळा पडतो, निळाही बदलतो. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचं पाणी आरओचं. ठेवायला हार्डवेअरच्या दुकानातले नट-बोल्टचे खणांचे डबे सगळ्यात भारी. रंगावरून लावू नका, आकारावरून लावा, रंग ढिगातही लगेच दिसतो पण हिरव्यांच्या ढिगात एक बाय एकची हिरवी प्लेट शोधायला लागलात तर संध्याकाळ गेली.

सध्या पुढचं डिझाइन सुरू आहे, सावद्याचं आमचं जुनं धाब्याचं घर. लाकडी खांब, जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या आणि त्याच्यावर मातीचं सपाट धाबं, उजेडासाठी सानं. खानदेशातलं हे घर लेगोला जितकं सोपं जातं तितकं कौलारू घर कधीच जाणार नाही, सगळं सरळ, सगळं काटकोनात. आबांनी टेप धरला आणि आम्ही एक खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, मोजला, सात फूट भरला. १ ला ४४ नं ४८.५ मिलिमीटर, म्हणजे सहा स्टड, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. भिंत दोन फुटांची, ती जवळपास पावणेदोन स्टड येते, दोन धरलीय. कड्यांना तपकिरी काड्या लागतील, बऱ्याच, आणि धाब्याला टॅन रंगाच्या टाइल, पण पावसाळ्याआधी वर नवी माती पसरायचे तेव्हाचा तो पांढरट रंग पाहिजे असं आबांचं म्हणणं आहे, म्हणून आता टॅनमध्ये थोडा पांढरा आणि थोडा फिका ग्रे मिसळून चार नमुने स्टुडिओत करून ठेवलेत. रविवारी सावद्याला गेलो की लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवणार आहे, ते ज्याला हो म्हणतील त्याचे पार्ट मागवायचे.